चौदा सामन्यांची पुण्याई

गाडीतलं घड्याळ सव्वादहा दाखवतंय. भाची रस्त्यावरची नजर न काढता म्हणते, "मामा, त्याच्यावर जाऊ नकोस. सव्वाअकरा झालेत." आज १२ मार्च २०२३, रविवार. अमेरिकेत उन्हाळी वेळ सुरू झाली, आणि पहाटे दोनच्या ठोक्याला इथली घड्याळं एकदम तीनवर गेली. घरातल्या फोनांनी ते आपलं आपण उरकून घेतलं, पण या म्हाताऱ्या गाडीला कुणी काही कळवलेलं नाही. मागच्या सीटवर भाचीची मुलगी, म्हणजे माझी नात, त्या हरवलेल्या तासाच्या जांभया देतेय. नववीत आहे, शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. आजची तिकिटं तिच्याच हट्टाची.

न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरोहून निघून रूट वन ओलांडला की प्रिन्स्टन हाकेच्या अंतरावर. हा सगळा भाग आपल्या लोकांनी इतका भरलाय, की काल वाणसामानाच्या दुकानात पुढच्या बाईंनी मागे वळून मला सरळ मराठीत विचारलं, "भाजणी कुठल्या रांगेत आहे हो?" कार्नेगी तळ्यावरचा पूल येतो. पाण्यात एक लांबट, अरुंद होडी. त्यात आठ पाठी एका तालात वाकतात, उठतात. काठाची झाडं अजून उघडीबोडकी. आणि मग उजाड माळावर पालथे घालून ठेवलेले तीन अजस्र शिंपले असावेत, तसं छप्पर दिसू लागतं. "जॅडविन जिम," नात म्हणते, आणि तिची झोप उडते.

जिम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लाकडी मुद्गल आणि घामाचा वास येणारी तालीम. आत पाऊल टाकल्यावर कळतं, याला जिम म्हणणं म्हणजे पर्वतीला उंचवटा म्हणणं. १९६९ मध्ये उघडलेली ही वास्तू. जवळजवळ सात हजार माणसं बसतील एवढी. एवढ्या मोठ्या गुहेच्या मधोमध पिवळसर लाकडाचं कोर्ट, पाटावर ताट वाढून ठेवावं तसं नीट मांडलेलं. नारिंगी-काळ्या रंगाची गर्दी एकीकडे, निळी दुसरीकडे. प्रिन्स्टनचं बँडपथक चौकड्यांच्या नारिंगी-काळ्या कोटांत आणि गवती टोप्यांत आलंय. शिस्त कमी आणि आवाज जास्त. काल संध्याकाळी याच फळ्यांवर प्रिन्स्टनच्या मुलींनी हार्वर्डला हरवून आयव्ही लीगचं मुलींचं विजेतेपद घेतलं. आज मुलांची पाळी. समोर येल.

आयव्ही लीग हा शब्द आपल्याकडे बहुधा ॲडमिशनच्या संदर्भात, थोडा आवाज खाली आणून उच्चारतात. अमुक यांचा मुलगा आयव्ही लीगला गेला म्हटलं की समोरचा चहाचा कप खाली ठेवतो. पण हे मूळ नाव खेळाच्या मंडळाचं आहे. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, पेन, प्रिन्स्टन, येल या आठ विद्यापीठांनी १९५४ मध्ये खेळांसाठी करार केला. त्यातली एक अट आजही तशीच आहे: खेळतो म्हणून कुणाला शिष्यवृत्ती नाही. बाकीच्या मोठ्या विद्यापीठांत चांगल्या खेळाडूची फी, राहणं, जेवण सगळं खेळाच्या खात्यावर जातं. इथे खेळाडूला मदत मिळते ती घरची परिस्थिती बघून, बाकी विद्यार्थ्यांना मिळते तशीच. समोर वॉर्म-अपला ले-अप मारत फिरणारी ही ताडमाड पोरं, चेंडू टोपलीत गेला काय नि न गेला काय, अर्थशास्त्राचा पेपर त्यांना द्यायचाच आहे.

आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा येऊन बसतात. नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा कोट, हातात घडी घातलेला कागद. त्यावर पेन्सिलीने आकडे. माझी नजर तिकडे गेलेली बघून ते कागद माझ्यापुढे धरतात. आठ संघ, प्रत्येकाचे चौदा सामने. प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरी, एकदा त्यांच्या दारी. हिवाळाभर, मार्चपर्यंत. येल दहा विजय, चार पराभव. प्रिन्स्टन दहा विजय, चार पराभव.

"म्हणजे दोघंही पहिले?" मी विचारतो.

"दोघंही विजेते," ते म्हणतात. "तक्ता तर हेच सांगतो. तरी आपण दोघं इथे बसलोय."

कारण तक्त्याचं इथे शेवटी ऐकलं जात नाही. पहिल्या चार संघांची दोन दिवसांची स्पर्धा होते: काल उपांत्य फेरी, आज अंतिम. ही जिंकेल त्याला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं थेट आमंत्रण. यंदा अशा ३२ मंडळांचे ३२ विजेते थेट आत जातात. उरलेल्या ३६ जागा निवड समिती भरते, आणि त्यात आयव्हीसारख्या लहान मंडळाला दुसरी जागा मिळणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत आगंतुकाला पहिल्या रांगेतलं पान. आज संध्याकाळी सहाला सगळी यादी टीव्हीवर जाहीर होणार. त्याआधी या चाळीस मिनिटांचा निकाल लागायला हवा.

आजोबा सांगतात, त्यांच्या तरुणपणी हे असलं काही नव्हतं. चौदा सामने हीच स्पर्धा. जानेवारीतल्या एका बर्फाळ शुक्रवारी रिकाम्या हॉलमध्ये हरलात, तर त्याची किंमत मार्चमध्ये मोजायची. दोघं बरोबरीत आले तरच एक निर्णायक सामना. देशातल्या सगळ्या मोठ्या मंडळांनी वर्षाअखेरची स्पर्धा सुरू केली, तरी आयव्ही आपल्या तक्त्याला चिकटून राहिली. स्पर्धा आली ती सगळ्यात शेवटी, २०१७ मध्ये. आणि पहिल्याच वर्षी काय व्हावं? प्रिन्स्टनने चौदाच्या चौदा सामने जिंकले, आणि मग फिलाडेल्फियात जाऊन, पेनच्याच घरच्या कोर्टावर, पेनशी उपांत्य सामना खेळायची वेळ आली. पेन सहा विजय, आठ पराभव. "आणि तो सामना ओव्हरटाइममध्ये गेला," आजोबा छातीवर हात ठेवून म्हणतात. "वाचलो. पण एका टोपलीवर चौदा सामने लटकले होते."

"आणि गेल्या वर्षी?" नात मध्येच विचारते. तिला उत्तर ठाऊक आहे.

आजोबा हसतात. गेल्या वर्षी प्रिन्स्टन बारा-दोन, तक्त्यात अव्वल. अंतिम सामना हार्वर्डच्या हॉलमध्ये. येल ६६, प्रिन्स्टन ६४.

बझर वाजतो. मैदानाच्या मध्यभागी दोन उंच पोरं समोरासमोर उभी राहतात, रेफरी चेंडू वर फेकतो आणि हजारो माणसांचा श्वास छपराला जाऊन आदळतो.

पहिली काही मिनिटं मला फक्त बुटांचा आवाज ऐकू येतो. लाकडावर रबराची ती चिरकी किंचाळी. आमच्या पुण्याच्या सिमेंटच्या कोर्टावर ती नव्हती. तिथे बुटांचे तळ महिन्याभरात घासून जायचे आणि पडलं तर गुडघ्याची साल. पाऊस आला की सराव बंद, कारण छप्पर आकाशाचंच. आम्ही कॉलेजात खेळायचो, विद्यापीठाच्या संघात निवड झाली की छाती फुगायची. मग वर्षातून एकदा आंतरविद्यापीठ विभागीय स्पर्धा. दुसऱ्या वर्गाचा डबा, बिनआरक्षणाचा. कुठल्याशा दूरच्या गावचं वसतिगृह, जमिनीवर गाद्या, विद्यापीठाकडून मिळणारा दिवसाचा तुटपुंजा भत्ता. आणि बाद पद्धत. पहिल्याच दिवशी हरलो, की त्याच रात्रीची परतीची गाडी. एका वर्षी नेमकं तसंच झालं. चाळीस मिनिटं, आणि वर्ष संपलं. 'सीझन' हा शब्द आम्हाला ठाऊक होता, पण तो आंब्याचा, लग्नांचा आणि मलेरियाचा. बास्केटबॉलचाही सीझन असतो, महिनोन्‌महिने चालतो, त्याचा तक्ता पेन्सिलीने लिहून कुणी म्हातारा माणूस खिशात ठेवतो, हे मी आज पहिल्यांदा बघतोय.

"आजोबा, आता बघा, आता बघा," नात माझा दंड दाबते.

प्रिन्स्टनचा एक गडी चेंडू घेऊन कोर्टाच्या मध्यावर, टोपलीकडे पाठ करून उभा आहे. सहा फूट आठ इंच. खांद्यांनी तो आपल्यावरच्या पहारेकऱ्याला सावकाश मागे रेटतोय, घाईत नसलेल्या बैलासारखा. सगळ्यांना वाटतं हा आता स्वतः जाणार. तेवढ्यात बाजूच्या रेषेवरचा एक साथीदार चेंडू मागायला बाहेर येतो. त्याच्यावरचा येलचा गडी पुढे झेपावतो. आणि साथीदार तिथल्या तिथे उलटा फिरून त्याच्या पाठीमागून टोपलीकडे पळतो. चेंडू जमिनीवर एक टप्पा खाऊन त्याच्या हातात. ले-अप. दोन गुण. पहारेकरी अजून बाहेरच बघतोय.

"बॅकडोअर!" नात ओरडते. मागच्या दाराने. मला हे लगेच समजतं. आपल्या वाड्यांना मागचं दार असायचंच, आणि पुढे पाहुणे बसलेले असताना पोरं तिथूनच निसटायची.

ही चाल इथल्या जमिनीत मुरलेली आहे. खरोखरच जमिनीत, कारण या कोर्टाला नावच आहे पीट कॅरिल यांचं. बेथलेहेम या पोलादाच्या गावातल्या स्पॅनिश कामगाराचा हा मुलगा १९६७ ते १९९६ अशी एकोणतीस वर्षं प्रिन्स्टनचा प्रशिक्षक होता. बुटका, विस्कटलेल्या केसांचा. त्याच्याकडे शिष्यवृत्तीवर आणलेले उंच, चपळ गडी नव्हते. मग त्याने चेंडू फिरवत ठेवायला शिकवलं: पास, पास, पास, समोरचा कंटाळून एक पाऊल चुकेपर्यंत, आणि तो चुकला की मागच्या दाराने आत. प्रिन्स्टनमध्ये असे ५१४ सामने त्याने जिंकले. गेल्या ऑगस्टमध्ये तो गेला. त्याच्याशिवायचा हा पहिला हिवाळा.

प्रिन्स्टनच्या बाकापुढे सध्या जो माणूस येरझाऱ्या घालतोय, तो मिच हेंडरसन, कॅरिलचाच खेळाडू. १९९६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत प्रिन्स्टनने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला ४३–४१ ने हरवलं, तेही शेवटच्या क्षणांत, मागच्या दारानेच. त्या रात्रीचं हात पसरून हवेत उडी मारणाऱ्या पोराचं छायाचित्र इथे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तो पोरगा हा. आता त्याची उडी जाकिटाच्या आत बंद आहे. फक्त टाचा अधूनमधून उचलल्या जातात. पलीकडे येलचे जेम्स जोन्स, १९९९ पासून त्याच बाकापुढे. हाताची घडी. चेहऱ्यावर हिशेब तपासणाऱ्याची शांतता.

आणि तो पाठमोरा बैल? टोसान एव्हबुओमवान. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा, फुटबॉलच्या गावचा. २०२२ मध्ये लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. उद्घोषक त्याचं नाव इतक्या लांबवर नेतो की गर्दीला शेवटचा स्वर धरायला वेळ मिळतो. त्याचं हे शेवटचं वर्ष. चार वर्षांतलं एक तर कोविडने गिळलं: २०२०–२१ चा सबंध सीझन आयव्हीने रद्द केला होता. इतर बहुतेक मंडळं रिकाम्या हॉलमध्ये का होईना खेळत होती. ही आठ विद्यापीठं नाही खेळली. ज्या पोरांना सीझन मोजूनच मिळतात, त्यांचा एक असा गेला.

येल काही पाहुण्यासारखं खेळत नाही. रविवारी दुपारी दुसऱ्याच्या घरी येऊन, दुसऱ्याच्या बँडच्या आवाजात, ते लांबून तीन-तीन गुणांचे चेंडू टाकतात आणि निळा कोपरा उठून उभा राहतो. पहिलं मानांकन त्यांचं आहे. तीनच आठवड्यांपूर्वी याच फळ्यांवर मोठी पिछाडी भरून काढून, ओव्हरटाइममध्ये त्यांनी प्रिन्स्टनला हरवलं होतं. त्यामुळे नारिंगी गर्दीला आघाडीचा आनंद मोकळेपणी घेता येत नाही. दर बास्केटनंतर टाळ्या, आणि टाळ्यांनंतर लगेच सगळ्यांच्या माना घड्याळाकडे.

मध्यंतराला लॉबीत खारट प्रेट्झेलच्या रांगेत उभं असताना नात विचारते, "आजोबा, पण हे फेअर नाहीये ना? येल पहिल्या नंबरवर. आणि त्यांनाच इथे यावं लागतं."

"जागा दर वर्षी बदलते," मी म्हणतो. "पुढच्या वेळी दुसरीकडे."

"मग काय झालं? ते या वर्षी चांगले खेळले ना?"

तिच्या शाळेच्या संघाचाही सीझन असतो, हे मला आठवतं. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्याला दोन सामने. भाचीच्या फ्रिजवर तारखांचा कागद अजून लोहचुंबकाने लावलेला आहे. तिचा संघ निम्म्याहून जास्त सामने हरला. तरी तो कागद तिने काढलेला नाही.

"तुमचा सीझन किती मॅचेसचा असायचा?" ती विचारते.

"एक," मी म्हणतो. "कधीकधी दोन."

ती हसत नाही. प्रेट्झेलचा मोठा तुकडा मोडून माझ्या हातात देते.

दुसऱ्या अर्ध्यात आवाज वाढतो तसं मला बोलणं ऐकू येईनासं होतं, आणि मग फक्त हातच दिसतात. शेजारच्या आजोबांचे हात कागदाची घडी घालतात, उलगडतात. येलच्या पोराने फ्री थ्रोच्या रेषेवर चेंडू तीनदा आपटला, की टोपलीमागे प्रिन्स्टनचे विद्यार्थी हात हलवून त्याचं लक्ष उडवायला बघतात. एव्हबुओमवान पुन्हा पाठ करतो, पुन्हा रेटतो. या वेळी मागच्या दारावर पहारा आहे, तर तो खांदा वळवून स्वतःच आत शिरतो. येल अंतर कापतं. प्रिन्स्टन ते पुन्हा वाढवतं. हा खेळ रस्सीखेचीसारखा. दोराची खूण तळहाताएवढीच सरकते, पण सरकली की गर्दीचा अर्धा भाग उठतो नि अर्धा बसतो.

शेवटची दोन मिनिटं बास्केटबॉलमध्ये दोन मिनिटं नसतातच. टाइम-आउट, फाउल, फ्री थ्रो, पुन्हा टाइम-आउट. मागे पडलेल्याने घड्याळ थांबवायचं आणि पुढे असलेल्याने ते पळू द्यायचं. गडी धावतायत, पण खरी झुंज घड्याळाशी आहे. जोन्स हाताची घडी सोडतात. येलचा एक चेंडू कडेवर नाचून बाहेर पडतो. नारिंगी बाजूला आता कुणी बसलेलं नाही. आजोबाही उभे आहेत. त्यांनी कागद खिशात ठेवून दिलाय.

प्रिन्स्टन ७४, येल ६५.

बाकावरची पोरं कोर्टावर धावतात, एकमेकांवर पडतात, उठतात. हेंडरसनच्या टाचा एकदाच, नीट, जमिनीवरून सुटतात. मग शिडी येते. इथला रिवाज: जिंकणाऱ्यांनी शिडीवर चढून टोपलीची जाळी कात्रीने कापायची, प्रत्येकाने एकेक धागा. सहा फूट आठ इंच उंचीची पोरं शिडीच्या पायऱ्या मात्र लहान मुलासारखी जपून चढतात. एक जण कापलेला धागा टोपीत खोचतो. बँडपथक विद्यापीठाचं जुनं गीत सुरू करतं आणि सगळे हात छातीशी नेऊन एका लयीत पुढे फेकतात. आजोबांचाही हात हलतोय. डोळे कोर्टावर नाहीत.

मी मात्र दुसरीकडे बघतोय. येलची पोरं रांगेने हस्तांदोलन उरकून आपल्या बाकाकडे परतली आहेत. कुणी टॉवेल डोक्यावर घेतलाय, कुणी बुटांच्या नाड्या सोडतोय. जोन्स एकेकाच्या मानेवर हात ठेवतात, पुढच्याकडे जातात. गेल्या वर्षी शिडीवर हे होते.

माझ्या पराभवाच्या रात्री आमच्या डब्यात कुणी बोललं नव्हतं. बोलण्यासारखं काही नव्हतंच. एकच सामना होता, त्याची उजळणी किती वेळा करणार? या पोरांच्या बसमध्ये आता त्यांच्या गावापर्यंत, न्यू हेवनपर्यंत शांतता असेल, हे खरं. पण त्या शांततेच्या मागे चौदा सामने आहेत. तीन आठवड्यांपूर्वीचा तो ओव्हरटाइम याच भिंतींमध्ये आहे. तो काही जाळीबरोबर कापला जात नाही. आजोबांच्या खिशातल्या कागदावर त्यांच्या नावापुढे दहा आणि चार लिहिलंय, आणि ते खोडायला इथे कुणाकडे रबर नाही.

जाताना आजोबा माझा हात हातात घेतात. "अभिनंदन," मी म्हणतो. ते येलच्या बाकाकडे मान हलवतात. "चांगला संघ आहे," म्हणतात. "पहिला संघ आहे." मग विचार करून सुधारतात, "पहिल्या दोघांतला."

बाहेर वारा बोचरा आहे. भाची गाडी घेऊन उभी. नात दार उघडताच सगळा सामना एका श्वासात सांगू लागते, बॅकडोअर, शिडी, जाळी, आणि मध्येच थांबून म्हणते, "पण आई, येल पण चॅम्पियन आहे. दोघंही आहेत. तक्त्यात आहे."

तळ्यावरच्या होड्या परतल्या आहेत. मी समोर बघतो. अडीच वाजून गेलेत, पण गाडीच्या घड्याळात आत्ता दीड वाजतोय. भाची हात पुढे करते, काटा सारखा करायला.

"राहू दे गं," मी म्हणतो. "घरी गेल्यावर कर."

त्या घड्याळात येल अजून खेळतंय.